तिसऱ्या मजल्यावर बेडूक का नाही?

मे महिन्यात नागपुरात कूलर म्हणजे घरातलं माणूसच. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजायचं, दुपारी त्याच्या घरघरीत झोपायचं, आणि बाहेरगावी निघालो की शेजाऱ्यांना त्याच्याकडे बघायला सांगून जायचं. यंदा ते सांगायचं राहिलं. लग्नाहून आठ-दहा दिवसांनी परतलो, तर टाकीच्या तळाला उरलेल्या वीतभर पाण्यात डासांच्या अळ्यांची जत्रा भरलेली, आणि कडेला हिरवं शेवाळ.

सुट्टीत अमरावतीहून आलेली भाची टाकीत डोकं घालून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, खालच्या काकाजींच्या हौदात बेडूक आहे. आपल्यात काऊन नाही?"

"तो काय तीन मजले चढून येईल का?"

"मग ह्या अळ्या कशा आल्या?"

डासीण उडत आली, पाणी दिसलं, अंडी घालून गेली. शेवाळाचे बीजाणू इतके बारीक की वाऱ्यासोबत गच्चीवर पोचतात. बेडकाला मात्र जिना जमत नाही. आणि बेडूक नाही, मासा नाही, म्हणून अळ्या अशा निवांत वळवळतायत. काकाजींच्या हौदातल्या अळ्यांची ती ऐट नव्हती.

तिला एवढं सांगितलं आणि लक्षात आलं, की बेटांवर चित्रविचित्र प्राणी का सापडतात याचं निम्मं उत्तर त्या टाकीत आहे. उरलेलं निम्मं इथे लिहितो.

बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन, ही शाळेतली व्याख्या. प्राण्यांच्या हिशेबाने बेट म्हणजे अशी जागा, जिथे काहीजण पोचले आणि बाकीच्यांना पोचता आलं नाही. पाणी हे त्याचं एक कारण झालं. बेटावरचा एखादा प्राणी विचित्र वाटला, तर त्याच्याकडे बघण्याआधी हजेरीपट काढावा आणि गैरहजर कोण ते वाचावं. गुपित बहुतेक वेळा गैरहजेरीच्या रकान्यातच असतं.

आधी पोचण्याबद्दल. १८८३ साली इंडोनेशियातल्या क्राकाताऊ ज्वालामुखीचा स्फोट झाला. बेटाचा मोठा भाग समुद्रात गेला आणि जे उरलं ते तापलेल्या राखेखाली गाडलं गेलं. पुढच्या वर्षी तिथे गेलेल्या शोधपथकाला जिवंत असं काय सापडलं? एक इवलासा कोळी. कोळ्यांची पिल्लं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर तरंगतात, त्यामुळे पहिली हजेरी त्यांची लागली. मागून पक्षी, त्यांच्या पोटातून बिया, आणि लाटांबरोबर लाकडं.

लाकडांवर स्वारही असतात. वैनगंगेला पूर आला की मुळासकट उपटलेली झाडं वाहत जातात आणि एखाद्या फांदीला साप वेटोळं घालून बसलेला असतो, हे नदीकाठच्या माणसाला नवीन नाही. समुद्रातही असंच चालतं, फक्त प्रवास लांबचा. १९९५ साली कॅरिबियन समुद्रात लागोपाठ दोन चक्रीवादळं झाली. त्यानंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा मोठा गुंता लागला आणि त्यावरून किमान १५ हिरवे इग्वाना उतरले. ही जात त्या बेटावर आधी नव्हती. कासवाला तर तराफाही लागत नाही. २००४ मध्ये टांझानियाच्या किनाऱ्यावर एक राक्षसी कासव चालत वर आलं. हे जमिनीवरचं कासव, पोहणाऱ्यातलं नव्हे. त्याचं घर शेकडो किलोमीटरवरचं अल्डाब्रा बेट, आणि पायांना समुद्री कवचजीव चिकटलेले. म्हणजे कित्येक आठवडे ते नुसतं तरंगत होतं. असं एखादं हजारो वर्षांत एकदा पोचलं तरी पुरतं, कारण वेळ भरपूर आहे.

बेडकाला मात्र हे जमत नाही. त्याची कातडी आणि अंडी खारं पाणी सोसत नाहीत. भर समुद्रात ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटांवर मूळचे बेडूक जवळजवळ नसतात, हे डार्विनने नोंदवून ठेवलंय. सस्तन प्राण्यांची गत तीच. हवाई बेटं खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर, तिथला जमिनीवरचा एकमेव मूळचा सस्तन म्हणजे वटवाघूळ. न्यूझीलंडमध्येही माणूस येण्याआधी वटवाघळंच होती. का, ते भाचीने स्वतःच सांगितलं: "त्याले पंख आहेत ना."

तर मांजर नाही, मुंगूस नाही, कोल्हा नाही, अशा बेटावर एक पक्षी उतरला. पुढे काय होतं?

अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठच्या झुडपांत आखूड शेपटी उडवत फिरणारी लाजरी पाणकोंबडी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. चालणं तिला आवडतं, उडणं जिवावर येतं, पण कुत्रं मागे लागलं की उडावंच लागतं. तिच्या भाऊबंदांपैकी पांढऱ्या गळ्याची एक जात मादागास्करमध्ये आहे. तिचे थवे अधूनमधून बेट सोडून निघतात, बरेच समुद्रात मरतात, काही चारशे-एक किलोमीटरवरच्या अल्डाब्राला लागतात. तिथे त्यांच्या मागे लागणारं कुणीच नव्हतं.

आता उडण्याचा खर्च बघा. सावजी रस्सा खाताना कोंबडीचा छातीचा पीस वाट्याला आला, तर मधलं उंच हाड नीट पाहा. उडायचे स्नायू त्या हाडाला धरलेले असतात आणि उडणाऱ्या पक्ष्याच्या अंगातलं बरंचसं मांस तिथेच असतं. ते वाढवायला आणि पोसायला रोज दाणापाणी लागतो. शत्रू असलेल्या मुलखात तो विम्याचा हप्ता आहे, चुकवला तर जीव जातो. शत्रूच नसेल तर हप्ता फुकट. अशा जागी एखादं पिल्लू जरा आखूड पंखाचं, जरा हलक्या छातीचं निपजलं, तर ते मरत नाही. उलट वाचलेलं अन्न अंगाला लागतं, अंड्यांना लागतं, आणि त्याची पिलावळ वाढते. पिढ्यामागून पिढ्या हेच चालू राहिलं, की पंख नावापुरते उरतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. "वापर थांबला म्हणून पंख झडले," असं आपण सहज बोलून जातो. तसं नाही. पहिलवानाने तालीम सोडली तर त्याचे दंड उतरतील, पण त्याच्या पोराचे दंड त्यामुळे बारीक होत नाहीत. एका पक्ष्याच्या आयुष्यात काहीच बदललं नाही. कुणाची पिल्लं जास्त जगली, तेवढं बदललं. हीच निसर्गाची निवड.

अल्डाब्राची गोष्ट इथे संपत नाही. सुमारे १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी समुद्र चढला आणि ते बेट पूर्ण पाण्याखाली गेलं. उडता न येणाऱ्या पाणकोंबड्या बुडाल्या, जातच संपली. पुढे पाणी उतरलं, बेट पुन्हा वर आलं आणि मादागास्करहून पुन्हा त्याच जातीचे पक्षी येऊन उतरले. आणि पुन्हा त्यांचं उडणं गेलं! बुडण्याआधीची आणि नंतरची, अशी दोन्ही काळांतली हाडं सापडली आहेत. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी ती एकमेकांशी ताडून पाहिली. परीक्षा तीच, उत्तर तेच, पेपर मात्र दोनदा लिहिलेला. आज अल्डाब्रावर फिरणारी पाणकोंबडी ही दुसऱ्या खेपेची.

डोडोची कथाही याच वळणाची, फक्त तो प्रसिद्ध झाला. डोडो म्हणजे मॉरिशसवरचं उडणं सोडलेलं, मीटरभर उंचीचं कबूतर. हो, कबूतरच. त्याच्या जनुकांवरून कळलं, की आज जिवंत असलेल्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आहे आपलं निकोबारी कबूतर, आणि ते बेटाबेटांवरून छान उडत फिरतं. डोडोचं एक जिवंत वाटणारं रंगीत चित्र जहांगीरच्या काळातलं आहे. उस्ताद मन्सूरने ते काढलं असं मानतात, आणि आज ते रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. मॉरिशसहून इतक्या लांब ते जिवंत आले म्हणजे बिचारे कुणाच्याही हाती लागत असणार. "डोडो मूर्ख होता" हे वाक्य मला त्यामुळेच पटत नाही. ज्याच्या शेकडो पिढ्यांनी शत्रू पाहिला नाही, त्याने घाबरायचं कशाला? गॅलापागोसवर डार्विनने बंदुकीच्या नळीने एका ससाण्याला फांदीवरून ढकललं होतं. ससाणाही मूर्खच म्हणायचा का मग?

न्यूझीलंडचा काकापो हा पोपट तर आणखी मजेशीर. जगातला सगळ्यात वजनदार पोपट, रात्री हिंडणारा, न उडणारा. धोका वाटला की तो जागच्या जागी थिजतो. पूर्वी तिथे शिकारी होते ते पक्षी, आणि ते डोळ्यांनी शिकार हेरणारे. त्यांच्यापुढे गवतात हिरवा होऊन न हलणं हा उत्तम डाव होता. वासावरून माग काढणारा प्राणी आला, की हा डाव उलटा पडतो. १९९५ मध्ये सगळे मिळून पन्नासच्या आसपास काकापो उरले होते.

गैरहजेरीचा दुसरा परिणाम म्हणजे रिकाम्या खुर्च्या. हपिसात साहेब नसला की बाबू साहेबाच्या खुर्चीत बसतो, तसं काहीसं. हवाईत सुरवंटांची एक जात पानं खाणं सोडून शिकारी झाली. काडीसारखी निश्चल उभी राहते आणि माशी टेकली की मागे वळून क्षणात पकडते. सुरवंट आणि मांसाहारी! न्यूझीलंडमध्ये उंदीर नव्हते, तर वेटा नावाचे थोरले नाकतोडे रात्री जमिनीवर उंदरांसारखे फिरू लागले आणि एक वटवाघूळ चक्क पंख मिटून पाचोळ्यात रांगत किडे शोधू लागलं.

आता आकाराचं कोडं. बेटावर मोठे प्राणी लहान होतात आणि लहान मोठे, असा एक ठोकताळा आहे. १९६४ मध्ये ब्रिस्टल फॉस्टर यांनी तो मांडला. सिसिली बेटावर कधीकाळी हत्ती होते, पूर्ण वाढलेले, जेमतेम मीटरभर उंच. आपल्याकडच्या म्हशीच्या खांद्यालाही न लागणारे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर बुटके हत्तीवर्गी प्राणी होते आणि त्याच बेटावर सशाएवढाले उंदीर.

हत्ती एवढा मोठा कशाला होतो? एक कारण असं, की पूर्ण वाढलेल्या हत्तीला वाघ-सिंह सहसा हात लावत नाहीत. थोराड अंग हीच त्याची तटबंदी. बेटावर वाघ नाही, म्हणजे तटबंदी नुसतीच पोसायची. वर चारा मोजका, आणि एखाद्या वर्षी दुष्काळ पडला तर दुसरीकडे जायची सोय नाही. अशा वेळी कमी खाणारा आणि लवकर वयात येणारा टिकतो. उंदराचं उलट. तो लहान आहे तो बिळात शिरून जीव वाचवायचा असतो म्हणून. पकडणाराच नसेल तर दडायचं कारण संपलं, अंगाने भरलं तर आपसातल्या मारामारीत फायदाच.

फ्लोरेसवरच्या लियांग बुआ गुहेत २००३ मध्ये एका स्त्रीचा सांगाडा सापडला. उंची सुमारे १०६ सेंटीमीटर, मेंदू आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. सोबत दगडी हत्यारं. ही माणसाचीच एक वेगळी जात, आणि पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वीपर्यंत ती तिथे राहत होती. हत्तींना लागू पडणारा नियम माणसालाही लागू पडला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

पण ठोकताळा तो ठोकताळाच. याच भागातल्या कोमोडो ड्रॅगनचं उदाहरण "बेटावर राक्षसी झालेला सरडा" म्हणून जागोजाग देतात. मीही देत असे. मग ऑस्ट्रेलियात त्याचे त्याहून जुने जीवाश्म निघाले आणि कळलं, की ही घोरपड खंडावरच तेवढी मोठी झाली होती. बेटावर ती फक्त टिकून राहिली. विचित्र दिसलं की "बेटामुळे" म्हणून मोकळं व्हायचं नाही.

निवड सोडून आणखी एक गडी या खेळात आहे, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. तो म्हणजे योगायोग. मिश्र डाळींच्या डब्यात हात घालून चिमूटभर काढली, तर एखादी डाळ चिमटीत येणारच नाही आणि एखादी भलतीच जास्त येईल. बेटावर पोचलेले चार-दोन जीव म्हणजे अशीच चिमूट. मूळच्या समूहात लाखात एक असलेला गुण त्या चौघांतल्या एकाकडे असला, तर पुढच्या सगळ्या बेटात तो पसरू शकतो. तो फायद्याचा असायलाच हवा असंही नाही.

याचा नमुना बघायला समुद्र ओलांडायची गरज नाही. ओडिशातल्या सिमिलिपालच्या जंगलात काळे वाघ दिसतात. खरं तर पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले, की वाघ काळा वाटतो. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की हे एका जनुकातल्या एका बदलामुळे होतं आणि त्यासाठी तो बदल आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. बाहेरच्या रानातल्या वाघांत तो जवळजवळ नाहीच. सिमिलिपालचे वाघ थोडे, इतरांपासून तुटलेले, आणि घराण्यातल्या घराण्यात सोयरिकी. भोवती समुद्र नाही, शेतं आणि गावं आहेत. बेट ते बेटच.

भाचीला यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते सराट्याचं. तिच्या सायकलच्या चाकात त्याच दिवशी सराटा रुतला होता, म्हणून असेल. हा सराटा म्हणजे गोखरू. त्याचाच एक भाऊबंद गॅलापागोसच्या डाफ्नी मेजर या अर्धा चौरस किलोमीटरही नसलेल्या बेटावर उगवतो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्याने १९७३ पासून त्या बेटावर तळ ठोकून तिथल्या चिमण्यांएवढ्या फिंच पक्ष्यांना पायात रंगीत कडी घातली, चोची मोजल्या, पिलांची वंशावळ लिहिली. वर्षानुवर्षं. १९७७ मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक बी संपलं आणि उरला हा काटेरी, दगडासारखा सराटा. जाड चोचीचे फिंच तो फोडून आतलं बी काढत होते, बारीक चोचीवाले नुसतेच खटपट करत होते. वर्षअखेर त्या जातीचे साधारण ८५ टक्के पक्षी मेले. जे जगले त्यांच्या चोचीची जाडी आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त निघाली.

अर्धा मिलिमीटर! चिमटीत धरला तर कळणारही नाही. पण एवढ्यावरच जगणं-मरणं ठरलं, आणि पिलांच्या चोचीही आईबापांवर गेल्या. पुढे १९८३ मध्ये धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि वारं उलटं फिरून लहान चोचीवाल्यांची चलती झाली. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांची संथ गोष्ट असं आपण धरून चालतो. इथे दोन माणसांनी ती पट्टी लावून मोजली. खंडावर हे मोजता आलं नसतं, कारण उपाशी पक्षी उडून दुसऱ्या रानात गेला असता. डाफ्नीवरून जाणार कुठे?

माझ्या टेबलावर कागद उडू नये म्हणून ठेवलेला एक राखाडी-पांढरा दगड आहे. मित्राने दिलेला, टाकळीचा. ही टाकळी पूर्वी नागपूरबाहेर होती, आता शहराच्या पोटात आली. दगडात मुगाएवढ्या ते करंगळीच्या टोकाएवढ्या गोगलगाई आहेत, गोड्या पाण्यातल्या, दगड झालेल्या. भिंग लावलं तर शंखाचे पीळही मोजता येतात. १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी नागपूरच्या आसपास असे जीवाश्म गोळा करून त्यांची वर्णनं छापली. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे हिस्लॉप. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाला ओलांडताना ते बुडून गेले.

या गोगलगाई जिथे जगल्या ते तळं होतं लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा एकदा वाहायचा, थिजायचा, मग कित्येक वर्षं शांतता. त्या शांततेत खळग्यांत पाणी साचायचं, काठाला झाडं यायची, गोगलगाई यायच्या. पुन्हा लाव्हा. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची, आणि गिट्टीखदान हे नावही त्याच दगडाने दिलेलं.

आणि ही सगळी उलथापालथ चालू असताना भारत कुठे होता? समुद्रात. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी तो मादागास्करपासून सुटला आणि आशियाच्या दिशेने निघाला. एका काळात त्याचा वेग वर्षाला पंधरा-वीस सेंटीमीटरपर्यंत होता. नखं वर्षाला चारेक सेंटीमीटर वाढतात, त्यामानाने हा गडी पळतच होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला. म्हणजे नागपूरच्या ज्या झिरो माइलच्या दगडापाशी उभं राहून "समुद्र आपल्यापासून किती लांब" असं आपण म्हणतो, तो दगड एका बेटाच्या मधोमध रोवलेला आहे. बेट फक्त किनाऱ्याला लागलंय.

त्या प्रवासाचा एक साक्षीदार अजून जिवंत आहे. केरळातल्या इडुक्कीत जांभळा, फुगलेला, डुकरासारख्या टोकदार नाकाचा एक बेडूक सापडला. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी २००३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याचं शास्त्रीय नाव नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, म्हणजे नावात नाकही आहे आणि सह्याद्रीही. जमिनीखाली वाळवी खात राहतो आणि पावसाच्या सुरुवातीला वर्षातून थोडेच दिवस जोडी जमवायला वर येतो. तमिळनाडूतली एक जुळी जात सोडली, तर त्याचे जवळचे नातेवाईक भारतात नाहीत, आशियात नाहीत. ते आहेत सेशेल्स बेटांवर, दूर हिंदी महासागरात. बेडकाला खारं पाणी चालत नाही हे वर आलंच आहे. मग हे पोहून आले नाहीत, गेलेही नाहीत. जमीनच दुभंगली. सेशेल्सचा तुकडा तिकडे राहिला, भारत इकडे आला, आणि एका घरचे दोघे हिस्सेवाटणीत दोन टोकांना गेले.

भारत तसा अगदी एकाकी बेट नसावा. त्या काळातल्या बऱ्याच जीवाश्मांचे सगेसोयरे आशिया-आफ्रिकेत सापडतात. मधल्या छोट्या बेटांवरून ये-जा चालू असावी.

टाकीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. काकाजींनी त्यांच्या हौदातले चार गप्पी मासे बरणीत घालून दिले. भाचीने ते टाकीत सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर पाणी स्वच्छ, एक अळी शोधून सापडेना. डासांच्या बाबतीत याला आपण बंदोबस्त म्हणतो. बेटांवर हाच प्रकार झाला, की जाती पुसल्या जातात. १९१८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटाला एक जहाज धडकलं आणि त्यातले उंदीर किनाऱ्याला लागले. तिथे हाताच्या पंज्याएवढा, बिनपंखी, काळा काडीकीटक होता. काही वर्षांत तो दिसेनासा झाला, संपला असं सगळ्यांनी धरलं. २००१ मध्ये शेजारच्याच, समुद्रातून सुळक्यासारख्या उभ्या असलेल्या बॉल्स पिरॅमिड खडकावर एका झुडपाखाली त्यातले २४ जिवंत सापडले. एका झुडपाखाली! ग्वाम बेटाचं नशीब तेवढंही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सामानातून एक झाडसाप तिथे आला आणि जंगलातल्या मूळच्या बहुतेक पक्ष्यांचा त्याने फडशा पाडला. त्या पक्ष्यांना साप म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

बेट जेवढं लहान आणि जेवढं दूर तेवढ्या तिथे जाती कमी, हे मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये गणित करून मांडलं. ते गणित आज नागपूरच्या चारी बाजूंना लागू पडतं. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, टिपेश्वर ही जंगलं नकाशावर हिरव्या ठिपक्यांसारखी आहेत आणि मधे कापूस, सोयाबीन, कालवे, रेल्वे, रस्ते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. सगळ्यात लांब उचललेला भाग ७५० मीटरचा. वरून ट्रक जातात आणि खालच्या कॅमेऱ्यांत चितळ, रानडुकरं, वाघ येतात.

२०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी टिपेश्वरचा एक तरणा वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग राहिला, आणि लोकांनी त्याला "वॉकर" नाव दिलं. शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत, तेलंगणात जाऊन परत येत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तोवर तेराशे किलोमीटर चालला होता. २०२० च्या मार्चपर्यंतची वणवण धरली तर तीन हजारांवर. ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. पाणी होतं, नीलगाय होती, रानडुकरं होती. वाघीण नव्हती. दुसरा वाघही नव्हता.